चिठ्ठीविना काम नाही

लालमहंमद मिस्त्रींचा राग आधी कानांत दिसायचा. पाळ्या लालभडक व्हायच्या. लातूरच्या तेलगिरणीत रविकिरण साहेबांनी नवा कायदा लावला, त्या दिवशी ती लाली संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

साहेब नवे मॅनेजर, पुण्याहून शिकून आलेले. म्हणाले, "दुरुस्ती खातं म्हणजे सेवा. बाकीची खाती तुमची गिऱ्हाइकं. गिऱ्हाइकानं चिठ्ठी दिली तरच हत्यार उचलायचं, आणि काम झालं की समाधानाची सही घ्यायची." वर भिंतीवर गुणांचा फलक. गावात शिकवणीवाल्यांनी चौकाचौकात पोरांचे टक्के टांगले होते, मग गिरणीनं का मागं राहावं? ज्या खात्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्याचे गुण कमी!

असली अक्कल खुर्चीत बसूनच सुचते. बावीस वर्षं मिस्त्री रोज सकाळी सातला फेरी मारत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि यंत्राचं दुखणं ऐकायचं. भूकंपात गिरणीची ओझं उचलायची चेनपुली घेऊन ते किल्लारीकडे धावले, तेव्हा कोणी चिठ्ठी दिली होती? ढिगाऱ्याखालचा माणूस चिठ्ठी लिहीत नाही.

पण घरी लेकीची, सादियाची, बारावी होती, नोकरी हवी होती. मिस्त्रींनी फेरी बंद केली.

सोमवारी सोयाबीन वर नेणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याजवळून जाताना त्यांना माथ्यावरच्या बेअरिंगची किरकिर ऐकू आली. खाली खड्ड्यात उभी राहून नीलम्मा सोयाबीन लोटत होती. बेअरिंग फुटलं असतं तर अख्खा पट्टा तिच्या अंगावर आला असता. मिस्त्रींनी त्या खात्याच्या मुकादमाकडे, सिद्धरामकडे, चिठ्ठी मागितली.

"महिनाअखेर होऊ द्या, मिस्त्री. माझा पयला नंबर चाललाय."

मिस्त्री दातओठ खात परतले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

गुरुवारी खडखडाट सुरू झाला. मिस्त्रींनी मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि शिडी चढले. बेअरिंग उघडलं तर आत गोळ्यांचा भुगा.

खाली उतरले तर साहेब हजर. "कोणत्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी आहे?"

"हिची!" मिस्त्रींनी नीलम्माकडे बोट केलं आणि कोरी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "खड्ड्यात ही उभी राहते, तुमी न्हाई. गिऱ्हाईक ही! नीलम्मा, लाव गं अंगठा."

नीलम्मानं चिठ्ठीला हात लावला नाही.

"सोमवारपासून मी सिद्धरामला सांगायलेय," ती म्हणाली. "त्याचं सोडा. पर तुमाला तर ऐकू येत हुतं, मिस्त्री. खाली मी हाय, हे बी ठाव हुतं. रोज बाजूनं गेलात."

साहेबांवर काढायला जपून ठेवलेल्या शिव्या मिस्त्रींच्या तोंडातच राहिल्या. त्यातली एकही आता साहेबांना पुरती लागू पडत नव्हती.

दुपारी नवं बेअरिंग बसलं. शुक्रवारी सातला मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाले आणि सगळ्यात आधी त्या पट्ट्याशी थांबले. साहेबांनी मेमो दिला, तो त्यांनी न वाचताच खिशात कोंबला.

समाधानाच्या सहीचा कागदही त्याच खिशात होता. तो नीलम्मापुढे धरायची त्यांची हिंमत झाली नाही.