अंतऱ्यातला गंधार

मला गप्प बसून काही ऐकता येत नाही. कुकरची शिट्टी झाली की ती कुठल्या सुरात वाजली ते मी बघतो. मेहकरला जाताना एसटीचा खडखडाट कुठल्या ठेक्यात बसतोय म्हणून मांडीवर बोटं वाजवत राहतो, आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसतो. डोणगावात गाणं शिकवण्यात आयुष्य गेलं, पण कानाला सुट्टी अशी नाहीच.

बायकोला मात्र गाणं येत नाही. ती शिकली नाही असं मी म्हणतो, तुम्ही शिकवलं नाही असं ती म्हणते. बायकांच्या भजनी मंडळात ती कायम मागच्या ओळीत टाळ घेऊन बसायची. मध्यंतरी पुढे बसणारी बाई लेकाकडे पुण्याला राहायला गेली आणि मारुतीच्या देवळातल्या कार्यक्रमात भजन सुरू करायचं काम हिच्याकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदा. शब्द देवाचे, चाल एका जुन्या सिनेमातल्या गाण्याची. आमच्याकडची अर्धी भजनं अशीच असतात.

ते गाणं मी वर्गात नेहमी गातो. पोरींना भीमपलास समजावून द्यायला त्याच्यासारखं दुसरं गाणं नाही. या रागात गंधार कोमल, म्हणजे नेहमीच्या जागेहून जरा उतरलेला. घरी सराव करताना बायको अंतऱ्यात एका ठिकाणी तो चढाच लावायची. रोज. बाहेरच्या खोलीत शिकवणी चालू असली तरी मला राहवायचं नाही. "कोमल! कोमल!" मी ओरडायचो आणि पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या.

"किती बार सांगू तुले? गंधार खाली घे."

"हो," ती आतून म्हणायची आणि भांडी घासायला लागायची.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून निघताना ती म्हणाली, "तुमी तिथं येऊ नका बरं. तुमी समोर दिसले का माहा आवाजच बसते."

मला वाईट वाटलं. रागही आला. घरात बसवेना म्हणून चौकातल्या चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. चाचा शिवणकाम करतात आणि मशीनशेजारी मोबाईलवर दिवसभर जुनी गाणी लावतात.

"काऊन सर, आज लय बेचैन दिसून राह्यले?"

मी सगळं सांगितलं. कोणीतरी साक्षीदार हवा होता मला. म्हटलं, "लावा ते गाणं. तुमीच ऐका, कोमल गंधार कसा असते ते."

चाचांनी गाणं लावलं. मुखडा झाला, मी मान डोलावत बोट वर करून तयार बसलो. अंतरा आला, ती जागा आली, आणि तिथे शुद्ध गंधार लागला. चढा, स्वच्छ, जसाच्या तसा बायकोचा.

"परत लावा," मी म्हणालो. परतही तोच.

मग लक्षात आलं. संगीतकारानं त्या एका जागी मुद्दाम राग मोडला होता. मी मात्र वर्गात शिकवता शिकवता ते गाणं कधीतरी सरळ करून टाकलं होतं, आणि तेच खरं धरून बसलो होतो. आता रोज 'हो' म्हणणारी बायको निदान सगळ्या गावासमोर तरी माझं ऐकून माझा गंधार लावणार, मागच्या बायका सिनेमातला लावणार, आणि पहिल्याच दिवशी तिची फजिती होणार. फोन केला, तो उचलेना. मी चपला अडकवून पळतच निघालो.

वाटेतच भोंग्यावर तिचा आवाज आला. मुखडा सुरू झाला होता. देवळाबाहेर चपलांच्या ढिगाशी पोचलो तेव्हा ती अंतऱ्यावर आलेली.

तिनं शुद्ध गंधार लावला. जराही न अडखळता. मागून सगळ्या बायका त्याच सुरात येऊन मिळाल्या. हायसं वाटलं, आणि लगेच मनाला लागलं. इतके दिवस मी घसा फोडत होतो, त्यातलं तिनं काहीच घेतलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"शुद्ध लावला तू."

"हाव. गाण्यात तसाच हाये."

"मंग रोज हो-हो काऊन म्हणत होती?"

"तुमाले बरं वाटावं म्हून."

मग विचारू नये ते विचारलं. "अन् माह्या गाण्याले इतके वर्षं छान म्हणून राह्यली, ते?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या, ती फुगेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिली.

"भाकर गरम हाये," ती म्हणाली. "जेवून घ्या आधी."