दोन हंडे

कंपनीत बॉयलरवर माझं काम आकडे लिहिण्याचं. दाब किती, पाणी किती, तासातासाला वहीत नोंद. त्यात कधी चूक निघाली नाही, आणि याचा मला नको तेवढा गर्व होता. सरावलीच्या आमच्या घराच्या अंगणात पाण्याचा मीटर होता, त्याचं झाकण मात्र मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका वर्षी होळीनंतर आलेलं पाण्याचं बिल नेहमीच्या दुप्पट होतं. मी लगेच घरात फर्मान काढलं. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी मोरीतून वाहू द्यायचं नाही, बादलीत धरून संडासात वापरायचं. बायकोने दोन महिने ते मुकाट्याने पाळलं. पुढचं बिल त्याहून जास्त आलं.

मग माझी नजर समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या झोपडीकडे गेली. तिथे जव्हारकडच्या डोंगरातलं एक जोडपं बांधकामाच्या मजुरीला येऊन राहिलं होतं. पावसाळ्यात गावाकडे नाचणी, पाऊस सरला की इकडे. बाईच्या कडेवर वर्षाची मुलगी असे. त्या पोरीला विहिरीचं पाणी सोसत नव्हतं, जुलाब व्हायचे, म्हणून बायकोने त्या बाईला आमच्या अंगणातल्या नळावर रोज दोन हंडे भरायला सांगितलं होतं. मला न विचारता सांगितलं, हेही मनात डाचत होतंच.

"दोन हंड्यांनी एवढं बिल येतं का?" बायको म्हणाली. आकड्यातला माणूस मी, पण तेवढा हिशेब मला करावासा वाटला नाही. रागावलेल्या माणसाला हिशेब नको असतो, आरोपी हवा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई नळावर आली तेव्हा मी तिला अडवलं. किती पाणी नेतेस, कुणाकुणाला देतेस, असं काय काय विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आमी दोनच हंडं नेतो, भाऊ. तुमचा अळू बगा. मोरीचा पानी बंद हाय, तरी अळू हिरवा हाय."

मला शिकवते, असं वाटून माझं डोकं आणखी फिरलं. त्याच दिवशी मी नळाभोवती पत्र्याची पेटी ठोकली आणि कुलूप लावलं. मोरीमागे आमचं अळू सुपाएवढी पानं घेऊन उभं होतं. भर वैशाखात आम्ही आठवड्यातून दोनदा अळूवडी खात होतो.

ती लांबच्या विहिरीवर जाऊ लागली. थोड्याच दिवसांत झोपडीतून पोरीचं रडणं ऐकू येऊ लागलं. बायको म्हणाली, "परत जुलाब लागलेत तिला." मी म्हणालो, "मग दवाखाना आहे की." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते आजही मला गिळता येत नाही.

कुलपाने किती पाणी वाचलं ते बघायला मी रोज मीटरचा आकडा वहीत लिहू लागलो. आकडा पूर्वीच्याच वेगाने पुढे जात होता. एकदा बायको दिवसभर पालघरला बहिणीकडे गेली, मी कामावर. निघताना सगळे नळ घट्ट बंद करून आकडा लिहिला. संध्याकाळी परत आलो तर तो बराच पुढे गेलेला. घर बंद, नळ बंद, आणि मीटर फिरतोय. झाकण हातात होतं, तेव्हाच मला अळू आठवलं.

प्लंबरने मोरीमागे हातभर खणलं. पाइपचा सांधा गेला होता, मातीचा नुसता चिखल झाला होता. "चोर सोडून संन्याशाला फाशी," बायको एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात अळूवडी झाली नाही.

मी पेटी उखडली आणि झोपडीकडे गेलो. तिथे चुलीचे तीन दगड तेवढे होते. शेजारचा मजूर म्हणाला, पोरीला मनोरला दवाखान्यात नेलं, तिथून ते गावालाच गेले. पोरगी कशी आहे, ते त्याला माहीत नव्हतं. तो सगळा पावसाळा मी धास्तीत काढला.

दिवाळीनंतर ती बाई परत आली. पोरगी होती. हडकलेली, पण चालत होती. मला इतकं बरं वाटलं की मी रस्त्यातच तिला थांबवलं. म्हणालो, "ताई, तुझंच खरं होतं. पाइप फुटला होता. आता नळ उघडा आहे, हवं तेवढं पाणी ने."

"नको, भाऊ," ती म्हणाली. "तुमचा बिल वाढंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने डोक्यावरची चुंबळ नीट केली, तिच्यावर हंडे ठेवले आणि विहिरीच्या वाटेला लागली. मागून तिची मुलगी छोटा तांब्या घेऊन चालली होती.