गोदाबाईच्या खुंटीवरची गाठी

आधी कबूल करा, हसायचं न्हाई. कबूल? मग ऐका. ह्या बाईनं एकदा होळीला चोरी केली. होय, मीच!

तवा आमी गंगाखेडला राहायचो. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. तनखा निजाम सरकारचा, पण तेल आणलं की मीठ राहायचं. त्यात लढाईचे दिवस, साखरेची मारामार. आन् होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेची गाठी तर पाहिजेच! इकडं शालीचा परकर फाटलेला, विनूला धड सदरा न्हाई. मी दोघांना समोर बसवलं. "औंदा परकर आन् सदरा. गाठी एकच, ल्हानी. सकाळी शालीनं घालायची, दुपारी विनूनं."

"आन् पदक?" विनू म्हणाला. गाठीच्या मधोमध ते मोठं गोल पदक असतंय ना, लेकरांचा सगळा जीव त्याच्यात!

"अर्धं अर्धं."

लेकरांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले मी.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोदाबाईकडं विरजण मागायला गेले, तर खुंटीवर हातभर लांब गाठी! पदक तर बशीएवढं! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. तिचे मालक ह्यांच्याच कचेरीत, तनखा तेवढाच, लेक एकच, सुमी. मग एवढी साखर आली कुठून?

"लय मोठी गाठी आणली, गोदाबाई!"

ती तोंडाला पदर लावून हसली. "होळीला कळंल की, वैनी."

कळंल म्हणे! म्हणजे गल्लीभर मिरवणार! घरी येऊन ह्यांच्यावर फणफणले. "बघा, लोक लेकरांची कशी हौस करायलेत! आन् तुमी?"

"तू परकर आणा म्हणलीस, मी आणला," हे म्हणाले. "आता तोच बांधू का पोरीच्या गळ्यात?"

तीन दिवस मला घास गोड लागंना. कधी हळद, कधी चाळणी मागायला जायचं, गाठी बघायची आन् जळत परत यायचं. चौथ्या दिवशी गेले, तर दार उघडं, घरात कुणीच न्हाई. हात कधी वर गेला, मलाच कळलं न्हाई. कट्! पदक माझ्या पदरात.

देवाशपथ सांगते, लेकरांना द्यायचं मनात व्हतं. पण ती इचारणार, "आई, कुठून आणलं?" मग काय करता? चुलीपुढं बसून मीच खाल्लं. सगळं!

होळीच्या सकाळी गोदाबाई दारात. हातात तीच गाठी आन् डोळे रडून लाल.

"वैनी, मागं तुमचे भाऊ आलते. तुमी बाजाराला गेलत्या, त्यांना रेल्वे धरायची व्हती. तुमच्या लेकरांसाठी ही गाठी माझ्याकडं ठेवून गेले. होळीपर्यंत बोलू नका म्हणले. पण आमच्या सुमीनं पदक खाल्लं हो! लय मारलं मी तिला, तरी कबूल होईना. तिच्या गाठीचं पदक काढून हिला बांधलंय. ल्हानं हाय, पण रागावू नका."

मागं सुमी मुसमुसत उभी. गालावर बोटं उमटलेली.

गप बसले असते, तर कुणाला कळणार व्हतं? पण त्या गालाकडं बघवंना.

"सुमीनं न्हाई खाल्लं, गोदाबाई. मी खाल्लं."

"काय?"

"मीच. तुमच्यावर जळून."

मी ते ल्हानं पदक सोडलं आन् सुमीच्या गाठीत परत बांधलं. पोरीनं मोठ्यानं भोकाड पसरलं, "मी म्हणले व्हते ना आई, मी न्हाई खाल्लं!" गोदाबाईनं तिला पोटाशी धरलं, गालावरनं हात फिरवला. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढती. तर बाई खुदकन हसली, मग हसत हसत उंबऱ्यावरच बसली.

"अवो वैनी, तुमचे भाऊ जाताना चारदा बजावून गेलते, 'गाठी पेटीत कुलूप लावून ठेवा. आमची ताई ल्हानपणापासनं सगळ्यांची पदकं चोरून खाती!' मीच म्हणलं, 'काहीतरीच काय, दादा! आता दोन लेकरांची माय हाय ती!'"