मामांचा चेहरा काढताना

मला चित्र काढायला कोणी शिकवलं नाही. बिलोलीकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि पाचवीसाठी पोरींना दुसऱ्या गावाला कोणी पाठवत नव्हतं. माझं शिकणं तिथंच संपलं. रांगोळी तेवढी येत होती. लग्न होऊन रेणापूरकडं आले, मग तीही दारापुरतीच राहिली.

एका उन्हाळ्यात लेकीच्या दप्तरातल्या उरलेल्या पेन्सिली पडून होत्या. आहेराच्या साड्यांच्या घडीत पांढरे पुठ्ठे येतात, तेही मी ठेवून दिले होते. दुपारी सगळे आडवे झाले की मी स्वयंपाकघरात बसून समोरचा तांब्या काढायला लागले. तो जमेना. बूड यायचं, पोट यायचं, तोंड काढलं की तांब्या बिघडायचा. मी तोंड गोल काढत होते, कारण ते गोल असतं हे मला ठाऊक होतं. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की मी बसते तिथून ते गोल दिसतच नाही, चपटं दिसतं, ताटातली भाकरी कडेनं बघावी तसं. ठाऊक आहे ते बाजूला ठेवायचं आणि दिसतं ते काढायचं, एवढं कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. हात लांब करून खराट्याची काडी डोळ्यासमोर धरायची आणि तिच्यावर अंगठ्यानं माप घ्यायचं, हेही असंच करता करता सापडलं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घासायच्या टायमाला भांडे जड व्हायलेत, आन् चित्रात बरे गोड लागायलेत."

मी चूल काढली, पाटा काढला, गोठ्यातली म्हैस, झोपलेली मांजर, ज्वारी निवडणाऱ्या आत्यांचे हात. माणसांची तोंडं मात्र काढली नाहीत. तोंड काढायचं तर त्या माणसाकडं बघावं लागतं आणि ते मला कधी जमलं नाही. मी बोलतानाही समोरच्याच्या पायाकडं बघते.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, मागच्या साली लकवा मारला. लातूरच्या दवाखान्यात राहून हातपाय बरेचसे सुधारले, बोलणंही आलं, पण तोंडाची डावी बाजू ओघळली ती तशीच राहिली. तेव्हापासून ते फोटो काढू देत नव्हते. नणंदांनी मोबाइल वर केला की उपरणं तोंडावर घ्यायचे. "बापाचा एक फोटो नसावा का घरात?" म्हणून थोरली नणंद एकदा रडलीसुद्धा. जुना फोटो म्हणावा तर मतदान कार्डावरचा, त्यात टोपीखाली नुसता काळा डाग.

एका सकाळी मामा ओसरीत बाजेवर बसले होते. मी पदर पुढं ओढून चहा ठेवला आणि मागं फिरले, तर ते म्हणाले, "तुझी म्हैस बघितली मी. आपलीच हाय ती, एक शिंग खाली हाय. मला काढ."

सासऱ्याशी इतक्या वर्षांत मी हो-नाहीच्या पलीकडं बोलले नव्हते.

"फोटोवाला हाय तसं काढतो," ते म्हणाले. "तू पहिल्यासारखं काढ. सरळ. तू घरातलीच हाईस, तुला म्हाईत हाय."

मला माहीत नव्हतं. मामांची चप्पल मी अंधारात ओळखीन. धोतराचा सोगा, खाकरणं, पाठीचा पोक, भाकरी मोडणारा हात, सगळं ओळखीन. तोंड नाही. ते ओसरीत आले की मी आत, ते आत आले की मी भिंतीकडं. पदराखालून दिसतात तेवढेच मामा मी पाहिले होते आणि ते सदऱ्याच्या गुंडीपाशी संपत होते. दवाखान्यात चमच्यानं पाणी पाजायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तोंड बघितलं. तोवर ते ओघळलं होतं.

हे सांगायचं कसं? मग मी रांगोळीची रीत धरली. रांगोळीत एक अंग नीट आलं की तेच उलटं दुसऱ्या अंगाला उतरवायचं असतं. मामांची उजवी बाजू धड होती. दाराआडून चोरून बघत मी ती काढली, मधोमध रेघ मारली, टिपके दिले आणि तीच बाजू डावीकडं उतरवली. दोन्ही डोळे सारखे, गाल सारखे, ओठ दोरीसारखे सरळ. एक टिपका चुकला नाही.

आत्यांनी पुठ्ठा हातात घेतला. "हे कोन म्हनावं? तहसीलदार का?"

"मामा हायेत."

"तुझा मामा असंल. माझा मालक न्हाई ह्यो."

मामांनीही बघितलं. हसले नाहीत. "सरळ आलंय," एवढंच म्हणाले आणि पुठ्ठा बाजेवर पालथा ठेवला. मला चित्र जमत नाही असं त्यांना वाटलं असतं तर चाललं असतं. पण त्यांचा हात पुठ्ठ्यावर तसाच राहिला आणि मला वाटलं, आपलं पहिलं रूप घरात कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही असं मामा समजले. ते मला सोसेना.

चौकटीला धरून मी म्हणाले, "मामा, तुमचं पहिलं तोंड मला म्हाईतच न्हाई. मी कधी बघितलंच न्हाई."

आत्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"तरीच म्हनलं," मामा म्हणाले, "माझ्यापुढं आली की ही फरशीच का मोजायलीय. बस समोर. आता हाय ते तरी बघ."

"बघ बाई, बघ," आत्या म्हणाल्या. "मी जलमभर बघून राहिले, काय झालं न्हाई मला."

मी खाली बसले. पदर डोक्यावर ठेवला, फक्त डोळ्यांवरून मागं सारला. काडी वर धरली तशी लाज थोडी कमी झाली. काडीच्या आडून बघता येतं. मामांचे डोळे मला वाटत होते त्याहून खाली होते, जवळजवळ डोक्याच्या मध्यावर. उजव्या गालावर सुरकुत्यांची दाटी होती. डावा गाल ओघळला होता, पण तिथं सुरकुत्या पुसल्यासारख्या झाल्या होत्या, एवढ्यापुरता तो तरुण दिसत होता. हे मी दवाखान्यात बघितलं नव्हतं. तेव्हा नुसतं वाकडं दिसलं होतं.

ओठापाशी हात थांबला.

"हाय तसंच काढू का, मामा?"

त्यांनी उपरण्यानं ओठाचा कोपरा पुसला. "सरळ केलं तर मी वळखू येईन का?"

"मला तर न्हाई येनार."

ते बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. मग तोंड परत माझ्याकडं केलं. "काढ मग. पन मिशीला कंजुषी करू नको."

ओठ मी दिसला तसा काढला. मिशी आहे त्याहून दाट काढली, सगळ्या चित्रात तेवढंच न दिसलेलं आहे. मामांनी पुठ्ठा गुडघ्यावर ठेवला आणि चित्राकडं बघत स्वतःच्या ओठावरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडं, हळूहळू.

"थोरलीला फोन लाव," ते म्हणाले. "म्हनावं, येऊन जा."