ब्रेकताईचा डबा

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकताई म्हणत, कारण शिकाऊ माणसाने चूक करायच्या आत तिचा पाय ब्रेकवर पडलेला असे. तिला पाचवा महिना चालू होता आणि नवऱ्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ताई मात्र धास्तावली होती. कॉलेजात असताना ती खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकायची. उपचारांनी ते सुटलं होतं. पण आता वजन वाढू लागलं तशी जुनी भीती मानगुटीवर बसली, आणि ती गुपचूप दुपारचं जेवण टाळू लागली.

एके दुपारी शिकवता शिकवता तिला घेरी आली. स्टीअरिंगवरच्या साठीच्या काकूंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, गाडी सुरेख कडेला लावली.

"जेवलीस का गं?"

ताईला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं.

काकूंनी उपदेश केला नाही. डबा उघडून त्या म्हणाल्या, "अर्धा तुझा. मग डॉक्टरांकडे जाऊ. गाडी मी चालवते."

"म्हणजे आणखी एक भीती!" ताई डोळे पुसत हसली.

डॉक्टरबाईंनी तिला वजनकाट्यावर पाठमोरी उभं केलं. "आकडा मी बघेन," त्या म्हणाल्या, आणि तिला पुन्हा समुपदेशनाला पाठवलं. नवऱ्यालाही तिने सगळं सांगितलं, आणि दुपारचं जेवण रोज काकूंबरोबर ठरलं. भीती लगेच गेली नाही, पण आता ती ताईच्या एकटीची राहिली नाही.

ठणठणीत मुलगी झाली. तिला कुशीत घेऊन ताईने विचारलं, "जेवायला काय आहे?" नवरा आनंदाने इतका गडबडला, की दोन्ही हातांत एकेक ताट घेऊन धावत आला.