वन्संनी दिलेलं चुकीचं पुस्तक

आमच्या वन्सं वाचनालयाच्या बालविभागात काम करतात, आणि त्यांना गप्प बसता येत नाही. यातली पहिली गोष्ट मला लग्न ठरताना सांगितली होती. दुसरी लपवून ठेवली होती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर म्हणतात, "वेळ कुठे होता? लोक पुस्तकं परत करत नाहीत." आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. तळमजल्यावर माझं शिवणाचं दुकान आहे, त्यामुळे जाता-येता त्यांची स्वारी माझ्याकडे डोकावल्याशिवाय पुढे सरकत नाही. एकदा मी तोंडात टाचण्या धरून एका बाईंच्या पँटची लांबी बघत होते. तेवढ्यात वन्संनी त्या बाईंच्या मुलाला गाठलं, दोन पुस्तकं सुचवली आणि मायलेकांना तडक वाचनालयात नेलं. पँट आठवडाभर माझ्याकडेच लटकत होती.

बालविभागात त्या हौसेने गेल्या नाहीत. आधी संदर्भ विभागात होत्या. मुख्य ग्रंथपालांशी कशावरून तरी वाजलं आणि त्यांनी वन्संची रवानगी जिन्याखालच्या खोलीत केली. तिथे बुटक्या खुर्च्या, एक डुगडुगणारं टेबल आणि भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी होती. खोक्यांत चित्रकादंबऱ्या आणि चित्रचरित्रं कोंबलेली होती, कोणीतरी भेट दिलेली. वर खडूने 'इतर' असं लिहिलेलं. वन्संना तो शब्द भारी झोंबला. "म्हणजे मला आणि ह्या पुस्तकांना एकत्रच अडगळीत टाकलंय," म्हणाल्या, आणि पदर खोचून कामाला लागल्या. पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली, शिक्के मारले, आणि सगळी पुस्तकं दाराशी, मुलांच्या नजरेसमोर मांडली. कव्हरं शिवता येतील का म्हणून माझ्या मशीनवर प्लास्टिक घालून माझ्या दोन सुयाही मोडल्या. त्यावरून मी त्यांना अजून बोलते.

त्यांची पुस्तक सुचवायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. मूल समोर आलं की त्या नाव सांगत नाहीत, कोणाचं चरित्र आहे ते सांगत नाहीत, त्या माणसाने पुढे काय दिवे लावले ते तर मुळीच नाही. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडून धरतात. वादळात सापडलेली बोट, जळणारी प्रयोगशाळा, नाहीतर नुसती एका मुलीची पाठ. पोरगं पुढे वाकलं की पुस्तक मिटतात. "मग काय झालं?" पोरगं विचारतं. "मला काय माहीत? ने घरी, आणि मला येऊन सांग." एवढं बोलून ट्रॉली ढकलत चालत्या होतात.

पालक मात्र नाकं मुरडतात. एक गृहस्थ एकदा म्हणाले, "बाई, हे कॉमिक झालं. मुलाला पुस्तक द्या." वन्संनी विचारलं, "तुम्ही घर घेताना आधी नकाशा पाहिलात की निबंध वाचलात?" गृहस्थांनी मुकाट्याने पुस्तक नेलं, आणि पुढच्या वेळी मुलाला घरी ठेवून स्वतःच दुसरा भाग न्यायला आले.

एक नियम मात्र त्या कधी मोडत नसत. मुलाला जे दुखतंय, त्यावरचं पुस्तक आपण होऊन त्याच्या हातात द्यायचं नाही. "फळीवर ठेवायचं," त्या मला सांगत. "त्याला हवं असेल तेव्हा ते उचलेल. आपण दिलं की त्याला कळतं, ह्या बाईलाही सगळं ठाऊक आहे. मग ते इथे फिरकत नाही." हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो आमच्या घरात.

आमची लेक तेव्हा तेरा वर्षांची. लहानपणी तिच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की गिऱ्हाइकं माझ्याकडे कापड टाकून तिच्याशी बोलत बसायची. पण वरच्या वर्गात गेल्यावर मोठ्याने वाचायची पाळी आली की ती अडखळू लागली. अक्षरं एकमेकांत घुसतात, म्हणायची. वर्गात कोणीतरी तिची नक्कल केली, बाकीचे हसले, आणि पोरीने तोंडच मिटलं. आधी शाळेत, मग घरातही. जेवताना "वाढ" आणि "नको" एवढे दोनच शब्द. मी रागावले, लाडीगोडी लावली, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ द्यायला माझी ना नव्हती, पण शाळेची होती. सहामाहीला प्रत्येकाने एक चरित्र वाचून वर्गासमोर सांगायचं होतं. वर्गशिक्षिकेने मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "ती एकदाही उभी राहिली नाही, तर तोंडी परीक्षेत तिला काय देऊ? वर्ष पुन्हा करावं लागेल तिला." बाई वाईट नव्हत्या. म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

मी वन्संना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या धापा टाकत एक पुस्तक घेऊन आल्या. लहानपणी शब्द अडकणाऱ्या आणि पुढे हजारो लोकांसमोर भाषणं करणाऱ्या एका माणसाचं चित्रचरित्र. पान-बिन उघडून धरलं नाही. सरळ म्हणाल्या, "बघ, हासुद्धा अडखळायचा हं!"

लेकीने पुस्तकाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "मी तुझ्या वाचनालयातली पोरगी नाहीये," एवढं म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कित्येक दिवसांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य ते.

वन्सं माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या. "अगं, शेकडो पोरांना दिली मी पुस्तकं," म्हणाल्या. "एकाच्या बाबतीतही अशी घाई केली नाही. हिच्यासाठी भीती वाटली म्हणून केली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते, पण ते पाणी बघून राहू दिले. मी चहा टाकला. दोघी न बोलता प्यालो, आणि आमच्या दोघींत हे प्रथमच घडलं.

त्यानंतर वन्संनी घरात पुस्तक आणलं नाही. मी मात्र हात बांधून बसणारी नव्हे. बालविभागातल्या खुर्च्यांना गाद्या शिवायचं काम माझ्याकडे होतं. तयार गाद्या मी मुद्दाम लेकीच्या हाती पाठवल्या. पुढचं मला वन्संनी सांगितलं. ती गाद्या ठेवून निघालीच होती. दाराशी ट्रॉलीवर दुरुस्तीला काढलेली पुस्तकं पडली होती, शिवण उसवलेली, पानं सुटलेली. त्यातलं एक आपलं आपण उघडं पडलं होतं. लेक थांबली. मग खाली बसली. मग गादी ओढून घेतली. वन्सं शिक्का हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या. "एक शब्द बोलले नाही गं," त्या मला म्हणाल्या. "जीभ चावून उभी होते. आयुष्यात एवढं कठीण काम केलं नव्हतं."

ते एका नकाशे काढणाऱ्या बाईचं चरित्र होतं. घरच्यांना न सांगता निघून जाते, एका नदीच्या काठाने वर्षानुवर्षं चालते, तिचा नकाशा करते. शब्द थोडे, चित्रं भरपूर. लेकीने ते फाटकं पुस्तक तसंच घरी आणलं, मला सुई-दोरा मागितला आणि रात्रभर नव्हे, पण दोन संध्याकाळी खपून स्वतः शिवलं. टाके वाकडेतिकडे होते. मी मूग गिळून बसले.

शाळेत मात्र घोळ झाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, चित्रांचं पुस्तक चालणार नाही, चरित्र म्हणजे चरित्र हवं. वन्संना कळताच त्यांनी पर्स उचलली. "बघतेच त्या बाईकडे!" त्या बघणार म्हणजे काय करणार याची मला पूर्ण कल्पना होती. पण लेक दारात आडवी आली. "आत्या, तू येऊ नको. मी सांगते." वन्संनी पर्स खाली ठेवली. माझ्या लग्नापासून त्यांना असं कोणी गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी सोबत गेले. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर वह्यांचे ढीग होते. लेकीने पुस्तक उघडून बाईंपुढे ठेवलं. बाई म्हणाल्या, "या पानावर तर एक अक्षर नाही. यात तू वाचलंस काय?"

लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तोंड उघडणार होते, स्वतःला आवरलं.

"ती घ... घरी आलीय," लेक म्हणाली. "खूप वर्षांनी. ही आई. दार एवढंसंच उघडलंय. दुसऱ्या चौकटीत पण तेवढंच. तिसऱ्या चौकटीत पण. आई उघडत नाहीये, पण लावूनही घेत नाहीये. राग आहे तिला. खू... खूप." ती थांबली. बोट पुढे सरकवलं. "इथे माणसंच नाहीत. नुसते दारातले बूट. आधीच्या पानावर एक जोड होता. आता दोन आहेत. दुसरा चिखलाचा आहे."

बाईंनी चष्मा लावून पान जवळ ओढलं. आधीचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "मला बूट दिसलेच नव्हते. आईने काय म्हटलं असेल गं तिला आत घेताना?"

"काहीच नाही," लेक म्हणाली. "चिखलाचे बूट आत आणू नको, एवढंच."

बाई हसल्या. "उद्या हेच सांग. सगळ्यांना दिसेल असं धर."

दुसऱ्या दिवशी वन्संनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. म्हणाल्या, दाढ दुखतेय. दाढ दुखणारी बाई शाळेच्या फाटकाशी उन्हात उभी राहून माझ्या दंडाला चिमटे काढत होती. "तिला कोणी हसलं असेल का गं? कोणी हसलं तर?" मी म्हटलं, "वन्सं, माझा हात सोडा, काळानिळा झालाय." पण मीही फाटकाच्या गजांतून आत डोकावत होते.

घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात आमची लेक, पुस्तक छातीशी धरून. चेहऱ्यावरून काही पत्ता लागेना. वन्सं पुढे झाल्या आणि त्यांनी तिचं दप्तर ओढून घेतलं. लेकच आधी बोलली.

"दोन ठिकाणी अडखळले. पोरं हसली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ती हसून संपेपर्यंत थांबले, आणि पुढचं सांगितलं."

वन्संनी तिला तिथेच, सगळ्या शाळेसमोर, घट्ट मिठीत घेतलं आणि हमसून हमसून रडू लागल्या. लेक लाजून चूर झाली, पण सुटायची धडपड तिने केली नाही. आत्याच्या पाठीवर थोपटत ती म्हणत होती, "पुरे गं, मुलं बघतायत. चल, घरी जाऊ. अजून वर्गात बूट कोणी ओळखले ते सांगायचंय तुला."