रिकामा डबा

इथे आखातात, नईम भागातल्या आमच्या घरातलं फडताळ उघडलं की तो स्टीलचा डबा दिसतो आणि जर्मनी आठवून माझं डोकं फिरतं. मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं महिनाभर गेलो होतो. कसले ते लोक! जिन्यात समोर आले तरी भिंतीकडे बघत जातात, आणि रविवारी सगळी बिल्डिंग मसणासारखी गप्प. तरी बायकोने हौसेने करंज्या तळल्या, समोरच्या म्हातारीला डबाभर देऊन आली. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या पायपुसण्यावर, घासून लख्ख, आत काही नाही. बेलसुद्धा वाजवली नाही बयेने. "अहो, चिमूटभर साखर तरी घालायची," बायको म्हणाली. मुलगा हसला, "आई, इथे असंच असतं." मी म्हटलं, "मग खलास! असल्या भिकारड्या देशात पुन्हा पाय ठेवणार नाही." गेल्या महिन्यात बायको गेली. तेव्हापासून शेजारची अरबी बाई रोज भांडंभर भात आणून देते. काल तिचं भांडं घासलं आणि साखर शोधली. आमच्याकडे साखर कुठे ठेवतात, मला ठाऊकच नाही. शेवटी रिकामंच भांडं तिच्या दाराशी ठेवलं आणि बेल न वाजवता परत आलो.